मिठाची जागा

भावोजी, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. अजून माणसं येतात. महाडच्या बाजारपेठेतली येतात, पोलादपूरची येतात, ओट्यावर घोंगडी टाकली आहे तिच्यावर बसतात आणि फिरून फिरून एकच बोलतात, "काय फोटो काढायचा हो माणूस! नुसतं ताट बघून तोंडाला पाणी सुटायचं." मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं, वहिनीला रडू फुटलं. खरं सांगायचं तर दोनदा मला हसू फुटलं होतं. ज्या वड्यांकडे बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, त्या वड्यांना तुम्ही एरंडेल चोपडलं होतंत. दुखवट्याला आलेल्या माणसांना हे कसं सांगू?

तुमच्याशी भांडायची सवय अशी सुटत नाही. आठ-नऊ वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो, आणि भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. ते आता मी एकटीच पुरं करणार. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, तेवढा माझा फायदा. पण या भांडणाच्या पोटात एक गोष्ट आहे, ती मला तुमच्याजवळ कबूल करायची आहे. ती शेवटी सांगेन. आधी सांगायला घेतली तर बाकीचं लिहून होणार नाही.

मी महाडच्या मास्तरांची मुलगी. फायनल पास होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला तुमच्या शेतकरी घरात पडले, तेव्हा तुम्ही मुंबईला होतात. गिरगावात जाहिरातींचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत सहा वर्षं राबलात आणि एक दिवस परत आलात. बरोबर काय, तर लाकडी कॅमेरा, त्याची तिपाई आणि काळं फडकं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोकांची पोरं मुंबयहून लुगडी आणतात, ह्यानं काळं फडकं आणलान!" तुम्ही हसलात आणि ते फडकं त्यांच्याच डोक्यावरून पांघरलंत. आतून, कॅमेऱ्याच्या काचेत, त्यांना अंगणातली म्हैस उलटी दिसली. त्या दिवसापासून त्या कॅमेऱ्याच्या वाटेला कधी गेल्या नाहीत.

मग महाडच्या बाजारात गाळा घेतलात. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावरची कौलं काढून तिथे काचा बसवल्यात. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "पावसात गळेल." तुम्ही म्हणालात, "गळू दे. पन उजेड बघ काय आलाय."

तो उजेड मला कळायला रुखवत कारण झालं. लग्नसराईत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. ज्यांचे लेक-जावई मुंबईत गिरणीत, रजा न मिळाल्यामुळे लग्नाला येऊ शकत नाहीत, त्यांना पाठवायला नवरानवरीचा एक आणि रुखवताचा एक, असे दोन फोटो लोक काढून घेत. मी माहेरी आले होते, आमच्या आळीतलंच लग्न. तुम्ही लाडू, करंज्या, चकल्या ओळीने मांडल्यात, मागे उंच, पुढे बुटके, शाळेतल्या पोरांचा फोटो काढतात तसे. मला राहवेना. मी म्हटलं, "भावोजी, हे लाडू आहेत की विटा?" तुम्ही फडक्याबाहेर डोकं काढून म्हणालात, "मग तूच मांड, शाणी हायस तर."

मी मांडलं. दुरडी तिरकी केली, करंज्या एकीवर एक कलत्या ठेवल्या, आणि एक लाडू घेतला नि सरळ फोडला. मुलीची आई ओरडली, "अगो बाय, रुखवताचा लाडू फोडलास? अजून व्याह्यांनी बघितलान पन नाय!" तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "काकी, अख्खा लाडू फोटूत चेंडू दिसतो. आतला बेदाना दिसाया नको? मुंबयच्या जावयाला कळूं दे काय घातलायस ते." फोटो असा आला की तुम्ही तो गाळ्याच्या दर्शनी काचेत लावलात, आणि पुढची कित्येक वर्षं गिऱ्हाइकं येऊन म्हणत, आमच्या रुखवतातला पण एक लाडू फोडा. लाडू फोडायची अक्कल कोणाची, हे तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत. असो. मीही सांगितलं नाही, वाट बघत राहिले.

पण देणं तुमचंच मोठं आहे, हेही आज बोलते. माहेरी आले की दुपारी मी तुमच्या गाळ्यावर यायची, आणि तुम्ही मला बघायला शिकवलंत. "रंग इसर, वयनी. फोटूला रंग नसतो. काळं नि पांढरं, नि मधे उजेड." लाल रस्सा फोटोत डांबरासारखा येतो म्हणून त्यात नारळाचं दूध जास्त घालायचं. कोथिंबीर वरून भुरभुरली की माशा बसल्यासारखी दिसते, म्हणून ती बाजूला एकच काडी. पितळेचं ताट चकाकतं, तर त्याला आधी पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ फासून त्याचा तोरा उतरवायचा. पांढरा भात पांढऱ्या ताटात हरवतो, केळीच्या पानावर उठून दिसतो. जन्मभर मी पोळपाट-तवा करत होते, पण भाकरीची सावली ताटात कुठे पडते हे मी कधी बघितलं नव्हतं. आता बघितल्याशिवाय वाढता येत नाही. सासूबाई ओरडायच्या, "वाढतेस की आरती करतेस?"

मग ते पुस्तकाचं काम आलं आणि आपलं बिनसलं.

मुंबईच्या एका प्रकाशकाला नव्या नवऱ्यांसाठी पाककृतींचं पुस्तक काढायचं होतं. (नवऱ्या म्हणजे नव्या सुना हो, ते पत्र वाचून तुम्हीच चेष्टा केली होतीत.) बारा फोटो हवे होते. मी महिनाभर माहेरी राहिले, गाळ्याच्या मागच्या बाजूला शेगडी मांडली. मी रांधायची, तुम्ही मांडायचे. आणि मग तुमचे एकेक मुंबईचे धंदे बाहेर पडायला लागले. भाताचा ढीग उंच दिसावा म्हणून आत वाटी उपडी. मी म्हटलं, "जेवणाऱ्याने दात पाडून घ्यायचे का?" मासा एकाच बाजूने तळलेला. भाजी अर्धी कच्ची, म्हणजे मरगळत नाही. वाफ दिसावी म्हणून मागे बसून तुम्ही विडीचा धूर सोडायचात, आणि तो आमटीत शिरायचा. मी सगळं पोटात घातलं. पण वड्यांची पाळी आली. तुपाची तकाकी उन्हाच्या तापात टिकेना, म्हणून तुम्ही मला न सांगता कापसाच्या बोळ्याने वड्यांना एरंडेल लावलंत.

फोटो झाला. तुम्ही फोटोची प्लेट धुवायला अंधाऱ्या खोलीत गेलात. मी नदीवर भांडी घेऊन गेले. नेमके दादा बाजाराला आलेले. गाळ्यात शिरले, समोर पानभर वडे, घरचे, आपल्याच बायकोच्या हातचे. त्यांनी सात खाल्ले. वर शेजारच्या शिंप्याला दोन दिले. अन्न उघडं टाकून जाऊ नये ही आपल्याकडची शिकवण, त्यांचं काय चुकलं? दुपारपासून दादा आणि तो शिंपी आळीपाळीने तांब्या घेऊन नदीकाठी. शिंप्याच्या हातात कोणाच्या तरी लग्नाचा कोट होता, तो बिनबाह्यांचाच गेला म्हणे.

आज लिहिताना हसू येतंय. तेव्हा मी संतापले होते. मी म्हटलं, "भावोजी, अन्नाशी खोटं बोलू नये. ताटात जे दिसतं ते खाता आलं पाहिजे." तुम्ही म्हणालात, "फोटू कोन खातो? फोटू बघायचा असतो." मी म्हटलं, "बघून भूक लागते ना? मग ती भूक फसवायची?" त्यावर तुम्ही जे बोललात ते मला अजून टोचतं. म्हणालात, "वयनी, बघून भूक लागली ना? मग ती भूक खरी. भूक खरी तर फोटू खोटा कसा?"

मी शेगडी विझवली आणि एस.टी.ने घरी आले. चार दिवसांनी तुम्ही वर आलात, दारात उभे राहून म्हणालात, "बरं. आजपासून जे फोटूत, ते मी स्वतः खानार." आणि खरंच, उरलेले सगळे फोटो झाल्यावर ती गार, सुकलेली ताटं तुम्ही एकट्याने बसून संपवलीत. तत्त्व पटलं नाही, पण वहिनीचं रुसून बसणं चालवून घेतलं नाहीत. लग्न तुम्ही केलं नाहीत. लग्नाचे फोटो काढून लग्नाचा वीट आला म्हणायचात. मला वाटतं, रुसलेल्या माणसाला मनवण्याचा तुमचा वाटा माझ्यावरच संपला.

पुढे प्रत्येक सणाला तो वाद आपण उकरून काढायचो. गणपतीत मोदकांवरून, शिमग्यात पुरणपोळीवरून. दादा म्हणायचे, "झालं ह्यांचं कीर्तन सुरू."

मग गेल्या दिवाळीनंतर तुमचे पाय सुजले. आधी तुम्ही लपवलंत. चेहरा सुजला तेव्हा दादांनी गाळ्याला कुलूप घालून तुम्हाला घरी आणलं. महाडचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, मीठ बंद. "कमी" नाही, बंद. चिमूटभरसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, यांचं आयुष्य तुमच्या हातात आहे." डॉक्टर लोक असं सहज बोलून जातात, आणि बायका ते गाठीला बांधून ठेवतात.

अळणी जेवण काय असतं ते मला माहीत नव्हतं. मी आमसूल घातलं, लिंबू पिळलं, मिरची भाजून चुरली, ओलं खोबरं सढळ हाताने टाकलं. तुम्ही दोन घास खायचे आणि हात आखडता घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मला कळलं की तुमचं अडतंय ते जिभेवर नाही, डोळ्यावर अडतंय. आपल्याकडे पान वाढायला घेतलं की सगळ्यात आधी वर मधोमध मीठ. मग त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, उजव्या अंगाला भाजी. मी मीठ वाढलंच नव्हतं. तुम्ही त्या मोकळ्या जागेकडे बघत बसला होतात. म्हणालात, "वयनी, हे पान आजाऱ्याचं दिसतं."

दुसऱ्या दिवशी मी खडीसाखर खलबत्त्यात जाडसर कुटली. उजेडात ठेवली की हुबेहूब खड्याचं मीठ. तिची चिमूट पानात मिठाच्या जागी ठेवली आणि तोंड वर करून सांगितलं, "डॉक्टरांनी वरून एवढंसं घ्यायला परवानगी दिली आहे." मी. अन्नाशी खोटं बोलू नये म्हणून शेगडी विझवून आलेली मी.

तुम्ही पानाकडे बघितलंत. चेहरा सैल झाला. भाकरी मोडलीत, आणि बोटाने त्यातला एक खडा उचलून जिभेवर ठेवलात. मी चुलीकडे तोंड केलं. आता ओरडणार, नाहीतर हसणार. तुम्ही म्हणालात, "मीठ बेस हाय गो." आणि पान पुसून जेवलात.

त्या दिवसापासून रोज. रोज तुम्ही तो एक गोड खडा जिभेवर ठेवायचात आणि मिठाची तारीफ करायचात. मी कधी खुलासा केला नाही, तुम्ही कधी विचारला नाहीत. उलट हळूहळू तुम्ही माझ्या पानाला नावं ठेवायला लागलात, तेव्हा मला बरं वाटलं. "मीठ जरा खिडकीकडं घे, सावली खातंय." "भोपळ्याची फोड उलटी कर, साल दिसू दे." मी पान तुमच्यापुढे न्यायच्या आधी खिडकीशी धरून बघायची. सासूबाईसुद्धा येऊन उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "आज चटणी गोलात ठेव, काल पसरली व्हती." तीन महिने आपल्या घरात पानं अशी वाढली गेली की महाडच्या त्या काचेखालीही कधी वाढली गेली नव्हती. तुम्ही म्हणायचात, "कॅमेरा होवा होता." दादा म्हणाले, आणून देतो. तुम्ही नको म्हणालात. "फोटू काढत बसलो तर जेवन गार होईल." हे तुम्ही म्हणालात! मी तेव्हा तुम्हाला चिडवायला हवं होतं, आणि त्याच दमात सांगायला हवं होतं की भावोजी, तुमचं बरोबर होतं. बघून लागलेली भूक खरीच असते. त्या खोट्या मिठावर तुम्ही तीन महिने खरे जेवलात. पण मास्तरांच्या मुलीला हार कबूल करायची म्हणजे जीव जातो. उद्या सांगू, म्हणत राहिले.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते कबूल करायचं.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तुम्हाला तपासलं, तुमच्याशी मुंबईच्या गप्पा मारल्या, आणि निघताना दादांना गोठ्याजवळ घेऊन गेले. मी वैरणीची पेंढी आणायच्या निमित्ताने मागोमाग. डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य सोडा. काय मागतील ते खायला द्या." दादा खाली बसले. आणि मी, भावोजी, मी काय केलं असेल? मी घरात पळत आले. माझ्या डोक्यात एकच शिरलं की आता मीठ घालता येईल. तीन महिन्यांनी माणूस धड जेवेल. दादा गोठ्यात तोंड झाकून बसलेत आणि मी चुलीपुढे बसून मोड काढून सोलून ठेवलेल्या वालांचं बिरडं फोडणीला टाकतेय, त्यात मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, सुकटीत मीठ. मला आनंद झाला होता हो. खोटं सांगत नाही, आनंद झाला होता. खडीसाखरेची वाटी मी ओतून टाकली आणि पानात वर मधोमध खरं मीठ वाढलं. मनात म्हटलंसुद्धा, आज माझं पान खरं आहे.

तुम्ही पहिला घास घेतलात आणि तुमचा हात थांबला.

मग तुम्ही वरचा एक खडा उचललात, जिभेवर ठेवलात. डोळे मिटलेत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "वयनी, आज मीठ हाय."

तेव्हा मला समजलं मी काय करून बसले. डॉक्टर ज्या शब्दांना भ्याले, दादा जे गोठ्यात गिळून आले, ते मी पानात वाढून तुमच्यापुढे आणलं होतं. मी म्हटलं, "हो."

"डॉक्टर काय म्हनाला?"

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तुम्हीच हात वर केलात, राहू दे म्हणून. मी पानाला हात घातला, उचलून न्यायला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "ठेव. बस हितं." आणि तुम्ही जेवलात. सावकाश, सगळं. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने बिरड्याची वाटी पुसलीत.

मला क्षमा करा. एवढ्यासाठीच हे लिहायला बसले. माणसाला असं कळू नये. जवळ बसून, हात हातात घेऊन कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं. मी स्वयंपाकघरात पळाले. दुसऱ्याच दिवशी दुपारी तुम्ही गेलात, तोवर मी तुमच्या खोलीत दहा वेळा येऊन गेले, पाणी दिलं, पाय चेपले, पण बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही माझं मीठ तीन महिने झाकलंत, तसं हेही झाकलंत.

ते बिरडं जेवून तुम्ही हात धुतलेत, तेव्हा मी टॉवेल धरून उभी होते, आणि मला रडू आवरेना. तुम्ही टॉवेल घेतलात. तुम्हाला माहीत होतं बिरडं कसं होतं ते. आपल्या घरातल्या पोराटोरांना माहीत आहे. वाल एक दिवस भिजायचे, मग फडक्यात बांधून मोड यायचे, मग सोलायचे. आज घातले तर तिसऱ्या दिवशी पानात. तुम्ही म्हणालात, "बिरडं फर्मास झालंय. पुन्ना वाल भिजत घाल गो. परवा परत कर."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत होतात.

भावोजी, मी डोळे पुसले, आत गेले आणि वाल भिजत घातले.